पोस्टकार्डाची पाठ: जगभर कार्डं पाठवू आणि मिळवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पोस्टकार्ड विकत घेताना सगळे चित्राकडे बघतात. कार्ड पोचतं की नाही, हे मात्र पाठच ठरवते. पत्ता कुठे लिहिलाय, तिकिटांनी किती जागा खाल्लीय, शाई पसरलीय का, नोंदणीचा आकडा वाचता येतोय का, या चार गोष्टी जमल्या की साधं दहा रुपयांचं कार्डही फिनलंडच्या घराच्या दारात जाऊन पडतं. त्या चुकल्या तर सुंदरातलं सुंदर कार्ड वाटेत कुठल्यातरी सॉर्टिंगच्या टोपलीत राहतं. म्हणून या लेखात चित्रापेक्षा पाठीबद्दलच जास्त लिहिलं आहे.

देवाणघेवाण चालते कशी

अनोळखी माणसांशी कार्डं बदलायची सगळ्यात सोपी सोय म्हणजे पोस्टक्रॉसिंग. पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज तरुणानं १४ जुलै २००५ रोजी हे संकेतस्थळ सुरू केलं. आजवर सात कोटींहून जास्त कार्डं या मार्गानं पोचली आहेत. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. खर्च फक्त कार्डाचा आणि तिकिटांचा.

नियम एका वाक्यात सांगायचा तर, एक कार्ड पाठवलं की एक कार्ड मिळतं, पण ते त्याच माणसाकडून येत नाही. तुम्ही पत्ता मागता. संगणक जगातल्या कुठल्याही सदस्याचा पत्ता देतो आणि सोबत त्या कार्डाचा आयडी, म्हणजे नोंदणीचा आकडा, देतो. भारतातून जाणाऱ्या कार्डाच्या आयडीत आधी ‘आयएन’ ही दोन इंग्रजी अक्षरं, मग आडवी रेघ, मग आकडा असतो. तो आयडी कार्डावर लिहून कार्ड टपालात टाकायचं. ज्याला ते मिळेल तो संकेतस्थळावर आयडी भरून पोच देतो. ती पोच पडली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणालातरी दिला जातो आणि तुमच्याकडे कार्ड निघतं.

नव्या सदस्याला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात. कार्डं पोचत गेली की ही मर्यादा हळूहळू वाढते. इथे नवखे एक चूक हमखास करतात. उत्साहाच्या भरात पाचही पत्ते मागून घेतात, मग कार्डं शोधायला बाजारात जातात, मग तिकिटं मिळत नाहीत, आणि पंधरा दिवस निघून जातात. कार्डाच्या प्रवासाचे दिवस पत्ता मागितल्यापासून मोजले जातात, टपालात टाकल्यापासून नाही. त्यामुळे कार्ड, तिकिटं आणि पेन हाताशी असल्याशिवाय पत्ता मागूच नये.

कुठला देश यावा हे आपल्या हातात नसतं. जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स, फिनलंड, तैवान, चीन इथले सदस्य पुष्कळ, त्यामुळे तेच पत्ते पुन्हा पुन्हा येतात. सेटिंगमध्ये ‘त्याच देशाला पुन्हा पाठवायला तयार’ असा पर्याय आहे. तो बंद ठेवला तर वेगवेगळे देश मिळण्याची शक्यता वाढते. स्वतःच्या देशातली कार्डंही हवी असतील तर तोही पर्याय वेगळा आहे.

तुमचा पत्ता परक्या हातानं लिहायचा आहे

प्रोफाइल भरताना सगळ्यात जास्त वेळ पत्त्याला द्या. आपले पत्ते लांबलचक असतात. फ्लॅट, विंग, सोसायटी, अमक्या बँकेच्या वर, तमक्या मंगल कार्यालयासमोर, पेठ, तालुका, जिल्हा. हे सगळं पोलंडमधल्या कुणीतरी सात सेंटीमीटर रुंदीच्या जागेत, परकी अक्षरं बघत बघत उतरवायचं असतं. पाचव्या ओळीला जागा संपते आणि कापला जातो तो नेमका शेवटचा भाग, म्हणजे शहर आणि पिनकोड.

यावर उपाय घरीच करून बघता येतो. कागदावर सात सेंटीमीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर उंच चौकोन आखा. त्यात आपला पत्ता सावकाश, मोठ्या अक्षरात लिहा. सहा ओळींत बसला पाहिजे: नाव, फ्लॅट आणि इमारत, रस्ता, भाग, शहर आणि पिनकोड, देश. बसत नसेल तर ‘जवळ’, ‘समोर’, ‘मागे’ या खुणा आधी काढा. तालुका आणि जिल्हा शहरी पत्त्यात काढता येतात. गावच्या पत्त्यात मात्र तालुका ठेवावा, कारण एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दोन गावं असतात.

पिनकोडला हात लावू नका. तोच खरा आधार. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला आणि त्यामागचं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या टपाल अधिकाऱ्याचं. ते संस्कृत कवीही होते. सहातला पहिला आकडा टपालाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्यासाठी तो ४ आहे. पहिल्या तीन आकड्यांवरून छाननीचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तिनांवरून नेमकं पोस्ट ऑफिस. म्हणजे भाषा न समजणाऱ्या माणसानं रस्त्याचं नाव वेडंवाकडं लिहिलं तरी, पिन बरोबर असला की कार्ड तुमच्या पोस्ट ऑफिसपर्यंत येतं. पुढचं काम तुमच्या पोस्टमनचं.

आणि त्याला ते सोपं करून द्या. दारावरच्या पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर घाला. पाटीवर ‘सौ. कुलकर्णी’ आणि कार्डावर माहेरचं नाव असेल तर कार्ड परत जाऊ शकतं. सोसायटीत पत्र्याची पेटी असेल तर तिच्यावर फ्लॅटचा क्रमांक ठळक लिहा. बीटवरच्या पोस्टमनकाकांना एकदा भेटून सांगा की आता परदेशी कार्डं येणार आहेत. दिवाळीची पोस्त देताना ही ओळख पक्की होते. वॉचमनलाही सांगून ठेवा. रंगीत चित्राचं कार्ड जाहिरात समजून टाकलं जातं किंवा एखाद्या मुलाच्या हाती जातं.

प्रोफाइलवर फोन नंबर देण्याची गरज नाही. घरचा पत्ता अनोळखी लोकांना द्यायचा नसेल तर पोस्ट ऑफिसात भाड्यानं पोस्ट बॉक्स मिळतो. मुलांना हा छंद लावायचा असेल तर खातं आईबाबांच्या देखरेखीखाली असावं.

कार्डं आणायची कुठून

आपल्याकडे चित्रकार्डांची दुकानं फार उरलेली नाहीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयासारख्या संग्रहालयांच्या विक्री-दालनात बघा. मोठ्या टपाल कचेऱ्यांतले फिलाटेली ब्युरो, म्हणजे तिकीट-संग्राहकांसाठीचे विभाग, हेही चित्रकार्डं ठेवतात. मुंबईचं जीपीओ, पुणे, नागपूर, पणजी इथे असे ब्युरो आहेत. किल्ले, लेणी, समुद्रकिनारे इथल्या विक्रेत्यांकडचे दहा-बाराचे संच स्वस्त पडतात, पण घेण्याआधी एक कार्ड उलटं करून बघा. पाठ चकचकीत असेल तर त्यावर शाई बसत नाही.

जगात काही संग्राहक फक्त युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांची कार्डं जमवतात आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्र ही खाण आहे. अजिंठा आणि वेरूळ (१९८३), घारापुरी (१९८७), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४), पश्चिम घाट (२०१२), मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती (२०१८) आणि २०२५ साली यादीत आलेले मराठ्यांचे बारा किल्ले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. गोव्याच्या चर्च आणि मठांचा समावेश १९८६ चा. साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग यांची चांगली छापील कार्डं मिळणं आज कठीण आहे. ती स्वतः छापून घेतली तर तुमच्याकडे असं काही असेल जे जर्मनीतल्या माणसाला दुकानात मिळणार नाही.

छापून घेणं अवघड नाही. आकार ए-६ ठेवा, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. कागद ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा. यापेक्षा पातळ कार्ड यंत्रात दुमडतं. डिजिटल प्रेसकडे जी १३ बाय १९ इंची शीट असते, तिच्यावर प्रत्येक कार्डाच्या चारही बाजूंना कापण्यासाठी तीन-तीन मिलिमीटर जादा रंग सोडूनही आठ कार्डं बसतात. लॅमिनेशन हवं असेल तर मॅट, आणि फक्त चित्राच्या बाजूला. प्रेसवाला सवयीनं दोन्ही बाजूंना करून टाकतो, म्हणून ऑर्डरच्या कागदावर ‘पाठ कोरी, लॅमिनेशन नको’ असं लिहूनच द्या. आधी एक शीट काढून तिच्या पाठीवर नेहमीच्या पेनानं लिहून, एक मिनिटानं अंगठा फिरवून बघा. डाग पडला नाही तर बाकीची छापा.

फोटो स्टुडिओतून काढलेली चार बाय सहा इंची प्रिंट हे पोस्टकार्ड नव्हे. ती पातळ असते, पाठ प्लास्टिकची असते आणि दमट हवेत गुंडाळते. जाड कार्डावर चिकटवली तर चालते, पण कडा सुटायला नकोत.

पाठ भरण्याचा क्रम

नवखे आधी मजकूर लिहितात, मग पत्ता, आणि शेवटी तिकिटांना जागा नसते. उलट्या क्रमानं जा.

आधी तिकिटं. आपली स्मारक तिकिटं साधारण चार सेंटीमीटर लांब आणि तीन सेंटीमीटर रुंद असतात. पाच-पाच रुपयांची तीन तिकिटं शेजारीशेजारी ठेवली की जवळजवळ बारा सेंटीमीटर जातात आणि अख्खं कार्ड पंधराचंही नाही. म्हणून मोठ्या किमतीचं एक तिकीट आणि उरलेल्या रकमेचं एखादं छोटं, असा मेळ घालावा. न चिकटवता आधी मांडून बघा. तिकिटं एकमेकांवर चढवू नका. प्रत्येकाची किंमत दिसली पाहिजे. चित्राच्या बाजूला तिकीट लावू नका.

आपल्या तिकिटांचा डिंक कोरड्या हवेत दगा देतो. काडीचा गोंद पातळ लावून वर कागद ठेवून अर्धा मिनिट दाबून धरा. पातळ डिंक भरपूर लावला तर कडेनं बाहेर येतो आणि दोन कार्डं एकमेकांना चिकटतात. तिकिटावर सेलोटेप लावलात तर शिक्का उठत नाही आणि पोस्ट ते तिकीट नाकारू शकतं.

मग पत्ता, उजव्या अर्ध्यात, तिकिटांच्या खाली. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, इंग्रजी मोठ्या अक्षरात. ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया यांची गल्लत कार्डांना जगाची फेरी घडवते, तेव्हा ते नाव एकेक अक्षर सुटं लिहा. संकेतस्थळावर ज्या क्रमानं पत्ता दिला आहे त्याच क्रमानं उतरवा. जर्मनीत घर क्रमांक रस्त्याच्या नावानंतर येतो आणि पाच आकडी पोस्टकोड शहराच्या आधी. आपल्याला ते उलटं वाटतं, पण सुधारायला जाऊ नका. चीन, जपान, रशिया इथले सदस्य कधीकधी त्यांच्या लिपीतला पत्ताही देतात. तो छापून, कापून, नीट चिकटवणं सगळ्यात सुरक्षित, फक्त देशाचं नाव हातानं इंग्रजीत लिहा.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर. देवनागरी आकडे पत्त्यात चालत नाहीत. आपला १ परदेशी डोळ्यांना नऊ वाटतो आणि ४ आठ वाटतो. इंग्रजी आकड्यांतही घोळ होतो. युरोपात एक लिहिताना वर लांब शेंडी काढतात, त्यामुळे तो आपल्याला सातासारखा दिसतो, आणि आपला सात त्यांना एकासारखा. सातच्या मधून आडवी रेघ मारायची सवय लावून घ्या. तारीख लिहाल तेव्हा महिना अक्षरात लिहा. ४/१० म्हणजे अमेरिकेत १० एप्रिल.

आता आयडी. तो दोनदा लिहा, एकदा मजकुराच्या वर आणि एकदा पत्त्याच्या जवळपास, पण पत्त्याच्या ओळींत मिसळणार नाही असा. एकावर शिक्का पडला तर दुसरा उरतो. तळाचे दीड सेंटीमीटर पूर्ण कोरे सोडा. अमेरिकेत छाननी-यंत्र तिथे बारकोड छापतं, युरोपात अनेक ठिकाणी नारिंगी रेघा उमटतात, आणि कधी त्या जागेवर पांढरी पट्टी चिकटवली जाते. तिच्याखाली आयडी गेला की मिळणाऱ्याला पोच देता येत नाही. तुमचं कार्ड पोचलेलं असतं, तरी खात्यात ते वाटेवरच दिसतं.

स्वतःचा पत्ता पाठीवर लिहू नका. पाकिटावर प्रेषकाचा पत्ता लिहायला आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, पण पोस्टकार्डावर दोन पत्ते दिसले की यंत्र चुकीचा उचलू शकतं आणि कार्ड चार दिवसांत तुमच्याच घरी येतं. नाव, गाव आणि देश एवढं मजकुरात आलं तरी पुरे.

पेन साधं बॉलपेन. जेलची शाई पावसाळ्यात पसरते, फाउंटन पेनची तर बोलायलाच नको. जून ते सप्टेंबर कार्ड पेटीत पडेपर्यंत, पोस्टाच्या पोत्यात, पोस्टमनच्या पिशवीत अशा तीन ठिकाणी ओल खाऊ शकतं. चकचकीत पाठीवर लिहायची वेळ आलीच तर सीडीवर लिहायचा पातळ टोकाचा पर्मनंट मार्कर वापरा.

काय लिहायचं

डाव्या अर्ध्यात, मध्यम अक्षरात, दहा-बारा ओळी मावतात. म्हणजे साठेक शब्द. ही जागा ‘हॅपी पोस्टक्रॉसिंग’ आणि सही यांवर संपवू नये, असं आमचं ठाम मत आहे. कुणीतरी पेटी उघडून तुमचं कार्ड काढणार आहे. त्या माणसाला वाचायला काहीतरी असलं पाहिजे.

आधी त्याचं प्रोफाइल वाचा. त्यातून एक धागा उचला आणि आपल्या आजूबाजूचं एक दृश्य त्याला जोडा. समजा एस्टोनियातल्या हान्नाला स्वयंपाकाची आवड आहे. मग इंग्रजीत, सोप्या वाक्यांत असं काही लिहिता येईल: ‘आज साताऱ्यात दुपारपासून पाऊस आहे. अशा दिवशी आमच्याकडे कांद्याची भजी करतात. कांदा उभा चिरायचा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा, त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवायचं. वेगळं पाणी घालायचं नाही. तुमच्याकडे पावसात काय खातात?’ एवढ्यात जागा भरली. खाली तिचं नाव देवनागरीत लिहायचं, ‘हान्ना’, आणि त्याखाली ‘हा’ आणि ‘न्ना’ असे तुकडे पाडून प्रत्येकाचा इंग्रजी उच्चार द्यायचा. आपलं नाव परक्या लिपीत बघणं लोकांना फार आवडतं.

प्रोफाइलवर लोक आवडीनिवडींची यादी देतात: दीपगृहं हवीत, नकाशे हवेत, मांजरं हवीत, हातानं केलेली नकोत. जवळ असेल तर जरूर द्या. नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका; त्या इच्छा आहेत, अटी नाहीत. वाईट कार्ड एकच, जे मनाविरुद्ध उरकलेलं असतं.

पोस्टाच्या खिडकीवर

देशांतर्गत पोस्टकार्ड पन्नास पैशांत जातं, पण परदेशी कार्डाला वेगळा एअरमेल दर आहे. तो पाकिटातल्या पत्रापेक्षा कमी असतो आणि मधूनमधून बदलतो. पहिल्या वेळी मोठ्या पोस्ट ऑफिसात जाऊन ‘परदेशी पोस्टकार्ड, एअरमेल’ असे शब्द वापरून विचारा. नुसतं ‘परदेशात पाठवायचंय’ म्हटलं की समोरचा बहुधा पत्राचा नाहीतर स्पीड पोस्टचा दर सांगतो. इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर दर बघून गेलात तर बोलणं एका मिनिटात संपतं.

छोट्या पोस्ट ऑफिसात हव्या त्या किमतीची तिकिटं नसतात. वीस-पंचवीस कार्डांची तिकिटं ब्युरोतून एकदम आणून ठेवावीत. नवी तिकिटं घरपोच हवी असतील तर तिथेच फिलाटेली डिपॉझिट खातं उघडता येतं. तिकिटांची निवडही कार्डाचा भाग आहे. पक्ष्यांच्या चाहत्याला पक्ष्याचं तिकीट गेलं की त्याच्या उत्तरात आधी तिकिटाचा उल्लेख येतो.

कार्डावर वरच्या बाजूला डावीकडे निळ्या शाईत ‘बाय एअर मेल’ किंवा फ्रेंच ‘पार आव्हियाँ’ लिहा, नाहीतर निळं लेबल लावा. पोस्टात मागितलं तर मिळतं.

शक्य तेव्हा कार्ड पेटीत न टाकता खिडकीवर द्या आणि तिकिटांवर समोरच शिक्का मारून देण्याची विनंती करा. बिनशिक्क्याचं तिकीट काढून घेण्याचा मोह वाटेत कुणालाही होऊ शकतो, आणि स्वच्छ शिक्का ही मिळणाऱ्यासाठीही भेट असते. गर्दीच्या वेळी मागू नका. दुपारी तीननंतर खिडकी मोकळी असते. शिक्का मारणारी व्यक्ती आपल्यावर मेहेरबानी करते आहे हे लक्षात ठेवून वागलं की पुढच्या वेळी ती स्वतःच विचारते, आज कुठला देश?

कार्डाला मणी, चमकी, शिवण, कापड लावू नका. यंत्रात ते फाटतं आणि मागच्या कार्डांनाही फाडतं. पाकिटातूनही चहाची पुडी, मसाला, बिया पाठवायच्या नाहीत. २०२१ पासून वस्तू असलेल्या आंतरराष्ट्रीय टपालाला कस्टम्सची इलेक्ट्रॉनिक माहिती आधी द्यावी लागते. साध्या पत्रात ती नसते, म्हणून पाकीट परत येतं किंवा अडकतं. बियांबाबत तर ऑस्ट्रेलियासारखे देश फारच कडक आहेत.

एखाद्या देशाची टपालसेवाच बंद आहे का, हेही अधूनमधून बघावं लागतं. २०२५ मध्ये काही आठवडे भारतातून अमेरिकेला टपाल घेणं थांबलं होतं. अशा वेळी पत्ता हातात असेल तर कार्ड लिहून ठेवा आणि सेवा सुरू झाली की पाठवा.

वाट बघताना

भारतातून युरोपात कार्ड जायला तीन ते सहा आठवडे धरून चाला. साध्या पोस्टकार्डाला ट्रॅकिंग नसतं. साठ दिवसांत पोच आली नाही तर संकेतस्थळ त्या कार्डाला ‘मुदत संपलेलं’ ठरवतं आणि ती जागा मोकळी होते, म्हणजे तुम्ही नवा पत्ता मागू शकता. पण कार्ड मेलेलं नसतं. वर्षभरात कधीही पोच पडू शकते, आणि पडतेही.

म्हणून एक वही ठेवा. आयडी, देश, पाठवल्याची तारीख, कुठलं कार्ड, कुठली तिकिटं, कुठल्या पोस्टातून, पोचल्याची तारीख. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. वीस कार्डांनंतर वही बोलू लागते. एकाच पेटीतून टाकलेली कार्डं हरवतात असं दिसलं तर पेटी बदला. एकाच प्रकारची कार्डं हरवत असतील तर पाठ तपासा.

कार्ड आलं की

त्याच दिवशी पोच द्या. तुम्ही पोच देईपर्यंत पाठवणाऱ्याची एक जागा अडून राहते. पोच देताना दोन ओळी लिहा आणि त्याच्या कार्डातल्या एखाद्या गोष्टीला उत्तर द्या. आयडी वाचता येत नसेल तर संकेतस्थळावर शोधण्याची सोय आहे. देश, पाठवणाऱ्याचं नाव, शिक्क्यावरची तारीख असं जे दिसतं ते भरा. कार्डाचं चित्र चढवाल तेव्हा फक्त चित्राची बाजू चढवा. पाठीवर पत्ता असतो.

शंभरेक कार्डं झाली की थेट अदलाबदलीची विचारणा येऊ लागते. हो म्हणण्याआधी चार गोष्टी लेखी ठरवा: कुठलं कार्ड, लिहिलेलं की कोरं, उघडं की पाकिटात, आणि कधीपर्यंत. भांडणं होतात ती बहुधा तिसऱ्या मुद्द्यावरून. एकाला शिक्का बसलेलं उघडं कार्ड हवं असतं आणि दुसरा निगुतीनं पाकिटात घालून कोरं पाठवतो.

मॅक्सिम कार्ड हा इथला एक खास आणि गोड प्रकार. यात तिकीट चित्राच्या बाजूला लावतात. चित्र, तिकीट आणि शिक्का या तिघांचा विषय जुळावा लागतो. अजिंठ्याच्या चित्रावर अजिंठ्याचं तिकीट आणि त्या परिसरातल्या पोस्टाचा शिक्का, असं. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कार्डावर पडला पाहिजे. चित्र म्हणजे तिकिटाचीच मोठी प्रत असून चालत नाही. देशातल्या अनेक डाकघरांत त्या ठिकाणाचं चित्र असलेला कायमचा शिक्का असतो. यादी ब्युरोत विचारा. असं कार्ड पाठवायचं तर पाकिटातून, कारण उघडं पाठवायला त्याच्या पाठीवर तिकीटच नसतं.

जुनी कार्डं घेताना

जगातलं पहिलं अधिकृत पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं, म्हणून १ ऑक्टोबरला जागतिक पोस्टकार्ड दिन असतो. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं. जुन्या चित्रकार्डांचं वय पाठीवरूनच कळतं. सुरुवातीला पूर्ण पाठ पत्त्यासाठी राखलेली असे आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीनं लिहीत. मधोमध रेघ मारून दोन भाग करायला ब्रिटननं १९०२ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेनं १९०७ मध्ये. त्यामुळे रेघ असलेलं अमेरिकी कार्ड १९०० चं म्हणून कुणी विकत असेल तर ते घेऊ नका.

आपल्याकडे रविवर्मा प्रेसची कार्डं आणि म. वि. धुरंधरांनी रेखाटलेल्या मुंबईच्या माणसांची कार्डं संग्राहक शोधत असतात. त्यांच्या नव्या प्रतीही खूप फिरतात. दहापट भिंगातून बघा. चार रंगांचे ठिपके काटेकोर रांगांत दिसले, कागद एकसारखा पांढरा असला आणि कडा धारदार असल्या तर छपाई अलीकडची असण्याची शक्यता मोठी.

जपणूक

तीनशे जीएसएमची शंभर कार्डं उभी ठेवली की साधारण चार सेंटीमीटर जागा घेतात. बुटांच्या तीस सेंटीमीटर लांब खोक्यात सहाशे आरामात राहतात आणि बोटांनी चाळताही येतात. ठासून भरू नका, कोपरे दुमडतात. रबरबँड लावू नका; उन्हाळ्यात तो वितळून चिकटतो. अल्बम घ्यायचा तर पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे मागा. उघडताच प्लास्टिकचा उग्र वास येणारे मऊ कप्पे बहुधा पीव्हीसीचे असतात, आणि ते काही वर्षांत छपाईला चिकटतात. लॅमिनेट करणं म्हणजे कार्ड कायमचं संपवणं.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात खरा शत्रू ओल आणि कसर. खोकं भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळी दुपारी सगळी कार्डं पंख्याखाली सावलीत पसरा. थेट उन्हात नको, रंग उडतात.

कार्ड मिळाल्याची तारीख लिहून ठेवायची असेल तर पाठीच्या कोपऱ्यात मऊ टूबी पेन्सिलनं, कार्ड काचेवर ठेवून, हलक्या हातानं लिहा. पेनचा दाब पलीकडच्या चित्रावर उमटतो.